दहा सेकंदांत चाळीस वेढे

मी एक जुना रीमर आहे, मित्रांनो, आणि आज तुमच्याशी बोलतोय तो भंगाराच्या डब्यातून. माझा अजून विश्वासच बसत नाही. अकरा वर्षं मी तेलकट कागदात गुंडाळून वेगळ्या खणात राहिलो. कुणी मला नुसतं टेबलावर आपटलं तरी मिस्त्री त्याच्या अंगावर धावून जायचे. आणि आता माझ्या डोक्यावर वाकडे खिळे, करवतीची मोडकी पाती आणि कुणाच्या तरी जेवणाच्या डब्याचं झाकण आहे!

रीमर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही. लोखंडात भोक पाडतो तो ड्रिल. ड्रिल तसा आडदांड गडी. घुसतो, भोक पाडतो आणि निघून जातो, पण भोक खरखरीत आणि थोडं लहानच राहतं. मग माझी पाळी येते. माझ्या अंगावर सहा उभ्या धारा आहेत. ड्रिलनं माझ्यासाठी पाव मिलिमीटर लोखंड शिल्लक ठेवलेलं असतं, तेवढंच मी खरवडून काढतो. भोक गुळगुळीत होतं आणि नेमकं वीस मिलिमीटरचं होतं. हत्यारांच्या कारखान्यात मला भट्टीत लाल केलं, तेलात बुडवलं आणि दिवसभर घासलं, ते याच नेमकेपणासाठी. स्वतःच्या तोंडानं स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात, पण भंगारात पडलेल्यानं नाही केलं तर दुसरं कोण करणार?

आमच्या कारखान्यात एक लेथ, दोन ड्रिल मशीनं आणि एक वेल्डिंगचा कोपरा. कारखाना मिस्त्रींचा. मोठ्या ड्रिल मशीनवर त्यांची धाकटी बहीण काम करायची. मिस्त्रींचे मुलगे तिला आत्या म्हणायचे, म्हणून लेथवाला आणि वेल्डरही तिला आत्याच म्हणू लागले. वेल्डर तर तिच्याहून चार वर्षांनी मोठा होता!

मिस्त्री कानानं काम करायचे. मशीनचा आवाज ऐकला की वेग बरोबर की चूक ते सांगायचे. अलीकडे मात्र त्यांना जरा कमी ऐकू यायचं, पण ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. आत्या हिशोबानं काम करायची. मशीनच्या दारावर खडूनं मांडायची. पोलादात माझ्या धारेनं मिनिटाला दहा मीटर कापायचं, म्हणजे दहा हजार मिलिमीटर. माझा घेर त्रेसष्ट. भागाकार केला की मिनिटाला साधारण एकशे साठ फेरे. आणि दर फेऱ्याला मी चार दशांश मिलिमीटर खाली उतरायचं. ड्रिलपेक्षा फिरायचं सावकाश, पण उतरायचं भराभर, हीच माझ्या कामाची रीत. रेंगाळलो तर मी कापत नाही, नुसता घासतो.

मग मशीनवरच्या पितळी पट्टीवर ज्या चाकापुढे 'एकशे साठ' लिहिलेलं होतं, त्या चाकावर आत्या पट्टा चढवायची, तेल सोडायची आणि मला खाली आणायची. सहा वर्षांत आमचं एकही भोक परत आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात लिफ्टच्या ब्रेकचे चोवीस दांडे आले. प्रत्येकात एक भोक, त्यात खीळ बसणार. भोक मोठं झालं तर खीळ खुळखुळणार आणि ब्रेक उशिरा लागणार. त्या लिफ्टमधून माणसं वर-खाली करणार होती, हे आत्यानं मला पुसताना दोनदा स्वतःशीच म्हटलं. पहिल्याच भोकात मला काहीतरी खटकलं. अंग तापत होतं. धारेला लोखंडाचे कण चिकटत होते. मी थरथरत होतो. पण मला तोंड कुठे आहे?

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा तपासनीस चोवीसही दांडे परत घेऊन आला. गेज म्हणजे भोक तपासायची दोन टोकांची दांडी; तिचं एक टोक भोकात जायला हवं आणि दुसरं अडायला हवं, पण अडायचं टोकही आरपार गेलं. "चार शतांश मिलिमीटरनं मोठी आहेत, सगळी!" तो म्हणाला. मी सुन्न झालो. माझी भोकं? मोठी?

तो गेल्यावर मिस्त्री सगळ्यांदेखत कडाडले. "गणितं मांडून भोकं होत नाहीत! हात लागतो हात!"

"दादा, हिशोब बरोबर आहे. मी तीनदा तपासलाय."

"मग भोकं काय आपोआप वाढली? हो बाजूला. उद्यापासून कानस घेऊन कडा घासत बस. मशीनला हात लावायचा नाही."

आत्याचं तोंड उतरलं. लेथवाला उगीच पाना शोधू लागला. सहा वर्षं जिथे ती उभी राहिली, तिथून तिला एका वाक्यात उठवलं होतं!

आणि खरा धक्का तर पुढेच होता. "बघ, असं करतात," म्हणत मिस्त्रींनी ड्रिलनं भोक पाडलेला एक नवा तुकडा लावला आणि स्वतः मशीन चालू केलं. तोच पट्टा, तेच चाक. मी पुन्हा थरथरलो आणि अर्ध्यात अडकलो. तेव्हा त्या माणसानं, रागाच्या भरात, मशीन उलटं फिरवलं! मित्रांनो, रीमर कधीही उलटा फिरवायचा नसतो. जाताना सुलटा, येतानाही सुलटा. अकरा वर्षं हे ज्यानं प्रत्येकाला बजावलं, त्यानंच मला उलटं फिरवून उपसलं. माझ्या दोन धारांचे टवके उडाले. मिस्त्रींनी भोक मोजलं. तेही चार शतांशानं मोठं. "रीमरच गेलाय," ते म्हणाले आणि त्यांनी मला भंगारात फेकलं. मला दुखलं ते टवके उडाल्यानं कमी आणि त्या फेकण्यानं जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या सगळ्यांच्या आधी आली. तिनं मला डब्यातून काढलं, पुसलं आणि शाबूत धारांवर मोजलं. वीस. तंतोतंत वीस. लेथवाला आल्यावर ती त्याला म्हणाली, "माझ्या हातून चार शतांश, दादाच्या हातूनही चारच. म्हणजे चूक हातात नाही. रीमरही वीसच आहे. मग राहिलं काय?"

तिनं पिशवीतून शिवणाचा धागा काढला, एक टोक मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याला चिकटवलं, धागा बोटांत अगदी सैल धरला आणि मशीन चालू केलं. लेथवाला घड्याळ बघत होता. दहा सेकंदांनी तिनं धागा कात्रीनं कापला, मशीन थांबवलं आणि वेढे मोजले. एकशे साठचा वेग असता तर सत्तावीसच्या आत भरले असते. भरले चाळीस!

तेवढ्यात मिस्त्री दारात आले. "मशीनला हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"नाही लावत. आता तूच मोज, दादा."

त्यांनी मोजले. चाळीस. "परत लाव," म्हणाले. परत चाळीस. मिनिटाला दोनशे चाळीस फेरे! दीडपट! म्हणूनच मी तापत होतो, धारेला कण चिकटत होते आणि भोकं मोठी होत होती.

लेथवाल्यानं घसा खाकरला. "मिस्त्री, आत्या सासरच्या लग्नाला आठ दिवस गेली होती, तेव्हा मोटर जळाली होती ना? तुम्ही धार लावायच्या जुन्या ग्राइंडरची काढून बसवलीत. ती जोरात फिरणारी आहे."

मिस्त्री मटकन स्टुलावर बसले. मोटर त्यांनी बदलली होती. पितळी पट्टीवरचे आकडे तसेच राहिले होते. आणि शिव्या खाल्ल्या आत्यानं! माणूस स्वतःच केलेलं इतकं साफ विसरू शकतो, हे मला अजून पटत नाही.

"तुझा हिशोब बरोबर होता," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"मग काल एकदा मोजायला काय झालं होतं?" आत्यानं विचारलं. तिचे डोळे भरले होते.

नवे दांडे आले, नवा रीमर आला, मी पुन्हा डब्यात गेलो. आत्या पुन्हा आपल्या मशीनवर उभी राहिली. पट्टा एक चाक खाली उतरवला, तिथे आता एकशे पासष्ट फेरे भरत होते. पहिलं भोक झालं. मिस्त्रींनी स्वतः गेज लावला. एक टोक गेलं, दुसरं अडलं. "बरोबर!" ते ओरडले. अगदी वेल्डिंगच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल असे. दुसरं भोक. "बरोबर!" तिसऱ्याला आत्या म्हणाली, "कळलं रे दादा, पुरे आता."

"नाही," मिस्त्री म्हणाले. "परवा ओरडलो ते सगळ्यांनी ऐकलंय."

डब्यात पडल्या पडल्या मी मोजत होतो. चोवीस वेळा.

मित्रांनो, माझी धार आता परत येणार नाही. तुमच्या हातात कधी एखादं हत्यार आलं तर त्याची रीत आधी विचारा आणि रागात त्याला हात लावू नका. कुणाचं काम बिघडलेलं दिसलं तर त्याच्यावर तोंड टाकण्याआधी मशीनही एकदा मोजून पाहा. आणि तोंड टाकून झालंच असेल, तर 'बरोबर' हा शब्दही तेवढ्याच मोठ्यानं म्हणा.