धुरपताबाईचा हस्त बहार

लिंबाला पाणी घालायला अक्कल लागत नाही, न घालायला लागते. एवढं साधं कळायला महामायाला सासूच्या हाताखाली नऊ वर्षं काढावी लागली आणि वर एक घोडचूकही करावी लागली.

नांदेडातल्या त्यांच्या तीनमजली इमारतीच्या गच्चीवर निळ्या प्लॅस्टिकची बारा टिपाडं होती. सहा ड्रम मधोमध कापून धुरपताबाईनं ती केली होती. बुडाला भोकं पाडलेली, खाली विटांचे तुकडे, वर तळ्यातला गाळ आणि शेणखत. प्रत्येकात छातीइतकं उंच कागदी लिंबाचं झाड. रेल्वेच्या ऑफिसात कारकून असलेल्या रविकांतला, म्हणजे धुरपताबाईच्या लेकाला, आधी वाटलं की गावाकडून आल्यावर करमत नाही म्हणून आई काहीतरी विरंगुळा शोधते आहे. बाहत्तर वर्षांची बाई पहाटे उठून पानापानावरची अळी बोटांनी वेचते, याला विरंगुळा म्हणणारा माणूस कधी वाकून बघत नसावा.

तिला हवं होतं ते एकच. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक घरासमोरून जाते, तेव्हा स्वतःच्या झाडाच्या लिंबांचं सरबत स्वतःच्या हातानं लोकांना पाजायचं. विकतची लिंबं आणू, असं रविकांत दरवर्षी म्हणायचा आणि ती दरवर्षी नाही म्हणून मान हलवायची. त्यामागची गोष्ट तिनं महामायाला एकदाच सांगितली होती. तरुणपणी ती लोह्याच्या बाजारात वावरातली लिंबं विकायला बसायची. लोक निवडून निवडून घ्यायचे, वर एखादं जास्तीचं मागायचे. एका उन्हाळ्यात तिनं शेजारी सरबताची घागर मांडली. लिंबं दुपारीच संपली. घागर मात्र संध्याकाळी होती तशीच भरलेली होती. घागर डोक्यावर घेऊन ती चार कोस चालत घरी आली आणि सगळं सरबत झाडाच्या बुडाशी ओतलं.

"लिंबू चालायचं, हात चालत नव्हता," ती म्हणाली होती आणि पुन्हा अळ्या वेचायला लागली होती.

अडचण अशी होती की लिंबू आपल्या मर्जीनं फळतं. गच्चीवरच्या झाडांना लिंबं यायची ती ऐन पावसाळ्यात, जेव्हा सरबताला कुणी कुत्रं विचारत नाही. चार वर्षं लोणचीच घातली. एप्रिलला लिंबं हवीत तर झाड दसऱ्याच्या आसपास फुलायला हवं, त्याला हस्त बहार म्हणतात. आणि ते फुलायचं तर त्याआधी भादव्यात त्याला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडून तहानेला आणायचं. तहानलेल्या झाडाला मरणाची भीती वाटते आणि ते फुलून येतं. पण भादव्यात पाणी तोडणार कसं? वावरात वरून पाऊस कोसळत असतो, त्याला कोण थांब म्हणणार? म्हणून भले भले बागवान हस्त बहाराच्या वाटेला जात नाहीत.

धुरपताबाईनं चार वर्षं यावर विचार केला. मग तिच्या ध्यानात आलं की आपलं वावर तर ढकलता येतं. गणपती बसले त्या आठवड्यात तिनं रविकांतला कामाला लावलं आणि बाराच्या बारा टिपाडं गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या पत्र्याखाली ओढून नेली. बाहेर पाऊस धो धो पडत होता आणि आत झाडं कोरडी. महामायाला सासूचा असा अभिमान वाटला की ती नर्स होती त्या दवाखान्यात तिनं दोन सिस्टरांना बोलावून ही गोष्ट सांगितली.

पहिल्या मजल्यावरच्या तुळजाबाईला मात्र ते अजिबात पटलं नाही. ती निलंग्याकडची, शेतकऱ्याघरची, धुरपताबाईच्याच वयाची. थंडीत दोघी गच्चीवर उन्हाला बसायच्या, सुनांच्या तक्रारी करायच्या. तुळजाबाई हक्कानं लिंबं तोडून न्यायची. पण चहा पुढं केला की तिचा नुकताच झालेला असायचा, पाणी पुढं केलं की तहान नसायची. नऊ वर्षांत त्या घरातला घोट तिच्या घशाखाली गेला नव्हता. धुरपताबाईनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पुढं पुढं तिनं विचारणंच सोडून दिलं. महामायाला त्याचा संताप यायचा आणि सासूच्या गप्प बसण्याचा त्याहून जास्त.

ताणाला बारा दिवस झाले असतील. धुरपताबाईची लेक लोह्याला आजारी पडली म्हणून तिला चार दिवस जावं लागलं. निघताना तिनं सुनेला बजावलं की थेंब घालायचा नाही, पानं गळाली तरी नाही. दुसऱ्या दिवशी महामाया कपडे वाळत घालायला वर गेली तर पानं मुटकुळी होऊन लोंबत होती. तुळजाबाई तिथंच उभी होती.

"मोसंबीला ताण देत्यात पुसात," ती म्हणाली. "पावसाळ्यात झाडं वाळवताना मी तर कुटं बघितलं न्हाई. म्हातारी झाली तुझी सासू. घाल पाणी, न्हाईतर बाराच्या बारा जातील."

नर्सच्या डोळ्यांसमोर तहानेनं कुणी मान टाकली की तिचे हात ऐकत नाहीत. महामायानं बादल्या भरल्या. टाकीजवळच्या सहा झाडांना पाणी घालून होईतो ड्युटीची वेळ झाली. उरलेल्यांना उद्या घालू म्हणाली. दुसऱ्या दिवशी डबल ड्युटी लागली आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सासू हजर.

धुरपताबाईनं पिशवीही खाली ठेवली नाही, तशीच गच्चीवर गेली. टवटवीत सहा झाडांकडे तिनं बघितलं, एका टिपाडात बोट खुपसलं, वास घेतला. महामायानं सगळं खरं सांगून टाकलं, तुळजाबाईचं नाव मात्र घेतलं नाही. आता घर डोक्यावर घेतलं जाईल म्हणून ती उभी होती. सासूनं बोटाची माती पदराला पुसली.

"तुझ्यानं बघवलं न्हाई, ते बराबर हाय," ती म्हणाली. "माझ्यानं तरी कुटं बघवून राहिलं? म्हणून तर पाठ करून बसते."

महामायाला त्या क्षणी सासूच्या पाया पडावंसं वाटलं. जी बाई अळीसुद्धा चिरडत नाही, वेचून खालच्या रिकाम्या प्लॉटवर सोडते, ती रोज आपल्याच झाडांना तहानेनं तडफडताना बघत होती आणि सुनेला त्यातलं काही कळू देत नव्हती.

उरलेल्या सहांचा ताण तिनं आणखी आठ दिवस लांबवला. मग माती हलकी खुरपली, खत घातलं आणि पाणी सोडलं, पहिल्या दिवशी तांब्याभर, दुसऱ्या दिवशी दोन, असं आजाऱ्याला पेज देतात तसं. एक झाड उठलंच नाही. ते मुळापर्यंत वाळलं. धुरपताबाई त्याच्यापाशी बसली आणि याला मीच मारलं, असं म्हणून रडली. तिला रडताना महामायानं पहिल्यांदा पाहिलं.

दसऱ्याला उरलेली पाच झाडं फुलली. फांदीगणिक पांढरे झुबके, आणि जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत वास. पाणी प्यालेली सहा नुसतीच हिरवीगार उभी होती, त्यांच्यावर औषधालाही फूल नव्हतं. तुळजाबाई वर आली, एकदा या सहांकडे, एकदा त्या पाचांकडे बघत राहिली. मग ती महामायाकडे न बघता धुरपताबाईला म्हणाली, "पानी मी घालायला लावलं तिला." धुरपताबाई म्हणाली, ठाऊक हाय. आणि तिला बसायला पोतं पुढं केलं.

एप्रिलात पाच झाडांची मिळून सव्वादोनशे लिंबं निघाली, पातळ सालीची, रसानं टम्म. बाजारात तेव्हा लिंबाला हात लावायची सोय नव्हती. हजारो माणसांच्या मिरवणुकीला ही कुठं पुरणार? रविकांतनं पुन्हा सुचवलं की थोडी विकतची मिसळू, नाहीतर लिंबूसत्व टाकू, कुणाला कळतंय. आईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्यानं माठ धुवायला गेला.

चौदा तारखेला दुपारपासून ती फाटकाशी पांढरं लुगडं नेसून उभी राहिली. लिंबं तिनं चिरली, पिळली तिनं, साखर-मीठ तिनंच घातलं आणि गल्लास भरून देण्याचं काम कुणालाही करू दिलं नाही. निळे झेंडे घेतलेली पोरं प्याली, घामानं भिजलेले बँडवाले प्याले, बंदोबस्ताचा हवालदार दोनदा प्याला, गुरुद्वाऱ्याकडून येणारे दोन सरदारजी मोटारसायकल थांबवून प्याले. महामाया गल्लास विसळत होती. सासूचं लक्ष गल्लासाकडे नव्हतंच. ती प्रत्येकाच्या गळ्याकडे बघत होती, घोट खाली उतरेपर्यंत. ते बघून महामाया उगीचच विसळलेले गल्लास परत विसळत राहिली.

माठ तळाला लागला तेव्हा तुळजाबाई जिना उतरून आली. एवढा वेळ ती गॅलरीत उभी होती, हे महामायानं पाहिलं होतं. धुरपताबाईचा ओगराळं धरलेला हात थांबला. नऊ वर्षांत जे विचारायचं सोडून दिलं होतं, ते ती आता रस्त्यावर, चार लोकांसमोर विचारणार नव्हती.

तुळजाबाईनंच हात पुढं केला. धुरपताबाईनं गल्लास भरला आणि तिच्या हातात दिला. तुळजाबाईनं तो ओठाला लावला आणि सगळा पिऊन टाकला, मधे थांबलीसुद्धा नाही. मग पदरानं तोंड पुसलं.

"मीठ कमी पडलं, धुरपता," ती म्हणाली.

महामायाला ते झोंबलं. आज, या बाईला, हे बोलायचं? ती काहीतरी तोडून बोलणार होती. पण तिनं सासूकडे बघितलं तर धुरपताबाई हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दिवसभरात शेकडो लोकांनी आशीर्वाद दिले होते, छान म्हणाले होते, फोटो काढले होते. नावं मात्र एकट्या तुळजाबाईनं ठेवली होती, जशी बहीण बहिणीच्या रांधण्याला ठेवते.

"मंग आदी यायचं व्हतं चव बघायला," धुरपताबाई म्हणाली.

तुळजाबाईची मान खाली गेली. रिकामा गल्लास तिनं परत पुढं केला.