काजळीची करंडी

आचऱ्याला सकाळचा उजेड घाईने येत नाही. आधी माडांच्या शेंड्यांवर तो किंचित राखाडी होऊन थांबतो. मग झावळ्यांच्या पात्यापात्यांतून गळत घरापुढल्या खळ्यात उतरतो, सारवणातले बोटांचे वळसे एकेक करून उजळतो आणि ओसरीच्या पायरीपाशी घुटमळतो, आत यावे की न यावे अशा संकोचाने. त्या पायरीवर बसून माझी धाकटी बहीण नर्मदा केस विंचरायची, आणि तिच्या मांडीवर आमची मांजर काजळी झोपायची. माघात नर्मदेचे लग्न झाले. तेव्हापासून उजेड पायरीवर एकटाच येई, आणि मला त्याचाही राग येई.

खरा राग गंगारामकाकांवर होता. पाठवणीच्या वेळी नर्मदेने एकच मागणे केले होते : "दादा, काजळीक माझ्यावांगडा धाड." ते ऐकताच तिच्याबरोबर द्यायला काकांनी मांजर धरले आणि पोत्यात कोंबले. पण आमच्याकडे एरवी मांजराला पोत्यात घालतात ते खाडीपलीकडे टाकून येण्यासाठी. पाणी ओलांडले की ते परतत नाही, अशी समजूत. काजळीला काकांनी पूर्वी एकदा असेच टाकले होते, आणि ती परतली होती. पोते म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. तिने ते फाडले, नवरदेवाचे मनगट ओरबाडले आणि माडांत पळाली. "असली अवदसा आमच्या घरात नको!" विहीणबाई आनंदीबाई कडाडल्या. नर्मदा रडतच तारकर्लीला गेली.

त्या परक्या घरात ती झुरत असणार, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. काजळीला मी तिच्याकडे पोचवणारच होतो. पण किंचाळत नव्हे. आनंदीबाईंना पुन्हा बोट दाखवायला जागा मिळता कामा नये.

कोंबड्या न्यायची वेताची करंडी मी धुतली, तिच्यात नर्मदेचे जुने लुगडे अंथरले आणि झाकण काढून ती ओसरीवर ठेवून दिली. सुकटीचा घास आधी करंडीशेजारी, मग काठावर, मग आत. काजळीचे कान, पंजे, पोट मी हळूहळू हाताळू लागलो. शेपटीचे टोक हलले की हात मागे घेई. झाकण क्षणभर लावून लगेच उघडले. पुढे करंडी उचलून खळ्यापर्यंत गेलो, मग खाडीपर्यंत. काकांवरचा राग होताच. पण हातातला राग मांजराला कळतो, म्हणून तो मी मनगटांच्या अलीकडेच अडवून धरी.

"पोत्यात घालून ने रे मेल्या! मांजराक पालखी कित्याक व्हयी?" काका म्हणत.

"तुमच्या पोत्यानंच तिचो इस्वास गेलो."

"इस्वास! आता लगीनच कर तिच्यावांगडा!"

मी करंडीत सुकटीचा आणखी एक घास ठेवी.

वैशाखात आम्ही निघालो. होडीत, मालवणच्या बाजारात, तारकर्लीच्या तापल्या वाळूत काजळीने एकदाही आवाज केला नाही. आनंदीबाईंना सुनवायची सारी कठोर वाक्ये मी वाटेत पुन्हापुन्हा घोटली होती. ती झुरताना दिसली, तर काजळीसकट तिला घेऊनच परतायचे, असेही मनाशी ठरवले होते.

खळ्यात आनंदीबाई आणि नर्मदा बांगड्यांना मीठ लावत बसल्या होत्या. कशावरून तरी दोघीही हसून वाकल्या होत्या. नर्मदेचे दंड भरले होते. मी झाकण काढले. काजळी संथपणे बाहेर आली.

"गो बाय, कसा गुमान इला!" म्हणत आनंदीबाईंनीच तिच्यापुढे बांगड्याचे डोके टाकले.

नर्मदेचा नवरा शंकर ओरखड्याचे मनगट पुढे करून हसला. "पयलो आहेर हिणाच केल्यान माका!"

"दादा, इतक्या लांबसून हाडलंस?" नर्मदा हात पुसत म्हणाली. "बरा केलंस. आमच्या बोक्याक सोबत झाली."

आमच्या. तो शब्द तिने सहज उच्चारला. घोटून आणलेली वाक्ये फुकट गेली. आता संतापायला समोर कुणीही उरले नव्हते. तिने पाणी आणून दिले आणि ती पुन्हा सासूशेजारी जाऊन बसली.

नर्मदा त्या घरात सुखी होती.