दाराजवळची जागा

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जपानमधल्या त्सुकुबा शहरात, एका कंपनीच्या मीटिंगरूममध्ये मी राहते. नवी होते तेव्हा मला टेबलाच्या वरच्या टोकाला, खास साहेबांसाठी मांडत. माझ्या मऊ पाठीचं कौतुक होई. पुढे एका हाताचं कातडं फाटलं, एक चाक अडू लागलं आणि मला दाराजवळ सरकवलं. इकडे दाराजवळची जागा हुद्द्यानं सगळ्यांत धाकट्याची.

तिथं ज्ञानदा बसू लागली. पुण्याची, बॅटरीवर काम करणारी इंजिनिअर. तिच्यामागून आलेले पुरुष वर सरकले, ती मात्र वर्षानुवर्षं माझ्यावरच. चहाचा ट्रे आला की उठायचं तिनंच.

एकदा ती म्हणाली, ही चाचणी पुन्हा घ्यायला हवी. तिचे साहेब मोरिता-सान, म्हणजे आपले मोरिताजी, हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. थोड्या वेळानं प्रसन्न, तिच्याच गावचा सहकारी, तेच बोलला. सगळ्यांनी लिहून घेतलं.

मीटिंग संपल्यावर तिनं त्याला थांबवलं.

"प्रसन्न, हे मी बोलले होते ना?"

"अगं, मनावर नको घेऊस. काम झालं ना? उगाच कटकटी म्हणतील तुला."

तो गेला. ती माझी कड घट्ट धरून बसून राहिली. मला हात आहेत, पण ते कुणाच्या पाठीवरून फिरवता येत नाहीत.

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. कुणी विचारलंच तर "काही नाही" म्हणे. माझ्यावर बसलेलं माणूस बसल्या जागीच हळूहळू निघून जाताना मी पाहिलं.

या एप्रिलमध्ये नागपूरची यामिनी नोकरीला लागली. पहिल्याच मीटिंगमध्ये मोरिता-साननी तिचं बोलणं मध्येच तोडलं. माझं चाक करकरलं. ज्ञानदा उभी राहिली होती.

"मोरिता-सान, यामिनी-सानचं अजून संपलेलं नाही."

मोरिता-साननी हातातलं पेन खाली ठेवलं. मग यामिनीला म्हणाले, "बोला."

त्या दुपारी ज्ञानदाला जेवायला कुणी हाक मारली नाही. प्रसन्ननंही नाही. ती डबा घेऊन रिकाम्या खोलीत आली, पण तो तिनं उघडला नाही. मग यामिनी आली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

"ताई, भीती नाही वाटली?"

"वाटली गं. अजून वाटतेय."

मित्रांनो, आमचा स्क्रू ढिला झाला की आवाज होतो आणि कुणीतरी पाना घेऊन येतं. गप्प झालेल्या माणसाचा आवाज होत नाही. तुमच्या शेजारी असं कुणी असेल तर काय झालं ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथंच थांबा.