बाहेरून लावलेली कडी

छापखान्यातला जुळारी मजकूर वाचत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. समोरच्या कागदावरचे तीन-चार शब्द तो डोळ्यांनी उचलतो, केस नावाच्या खणांच्या पेटीतले अक्षरांचे शिशाचे खिळे वेचून ओळीत लावतो आणि पुढचे तीन-चार शब्द उचलतो. अर्थ समजून घ्यायचा त्याला पगार नसतो. अंबादासने पंधरा वर्षांत लग्नपत्रिका जुळवल्या, मलमांच्या जाहिराती जुळवल्या, मिशनच्या प्रार्थना जुळवल्या; पण विचाराल तर धड चार ओळी सांगता येणार नाहीत. म्हणूनच तर त्या सोमवारी सतरा ओळी लावून होईपर्यंत त्याच्या ध्यानात आलं नाही की आपण आपल्याच अब्रूचे खिळे जुळवत आहोत.

मिशनचं मासिक हिंदी होतं. शेवटची चार पानं मात्र जबलपुरात येऊन राहिलेल्या मराठी घरांसाठी मराठीत असत, आणि छापखान्यात मराठी माणूस एकच, म्हणून ती अंबादासच्या वाट्याला येत. हस्ताक्षर उपदेशक चिंतामणी मास्तरांचं होतं, वळणदार, मोत्याच्या दाण्यांसारखं. मथळा होता 'एका पाप्याची साक्ष'. मिशनमध्ये अशी रीतच होती. आधी आपण कसे होतो आणि विश्वासाने कसे सुटलो, हे ज्याचं त्याने मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणत. अठरावी ओळ अशी होती: 'आणि त्या दुष्टाने आजारी भावाच्या खोलीला बाहेरून कडी लावली.'

अंबादासच्या बोटातला खिळा खाली पडला.

ही गोष्ट त्याने जगात एकाच माणसाला सांगितली होती.

अकरा वर्षांपूर्वी शहरात प्लेग आला, तेव्हा त्यांची सगळी कांचघर वस्ती घरं सोडून माळावरच्या झोपड्यांत राहायला गेली. अंबादास आणि त्याचा रेल्वेतला थोरला भाऊ गणपत निघणार, त्याच सकाळी गणपतच्या काखेत गाठ आली. गणपतची बायको अंजनी शिवनीला माहेरी गेलेली. घरात दोघेच. अंबादास बावीस वर्षांचा होता, आणि तो घाबरला. घाबरला याहून दुसरं कारण नाही, उगाच शोधत बसू नये. गणपत अंथरुणातून उठून त्याच्यामागे यायला लागला, "अंबू, पाणी तरी देऊन जा" म्हणाला. अंबादास बाहेर आला, त्याने कडी लावली आणि पळाला. तिसऱ्या दिवशी परत आला तेव्हा दार आत ढकललं जाईना, कारण गणपत दारालाच टेकून मेलेला होता.

अंजनी आली. तिला त्याने सांगितलं, "दादा माझ्या मांडीवर गेला. शेवटी तुमचंच नाव घेतलं, वहिनी."

त्या दोन वाक्यांवर ती बाई अकरा वर्षं जगली. कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या, पण शेजारणी हळहळायला आल्या की ताठ मानेने म्हणायची, "माझा माणूस बेवारशी नाही गेला. भावाच्या मांडीवर गेला, माझं नाव घेत गेला." प्लेगमध्ये असं मरण कोणाच्या नशिबी होतं? बाया गप्प बसायच्या. आणि अंबादास तिथेच बसून जेवायचा.

त्याने प्रायश्चित्त केलं नाही असं नाही. लग्न केलं नाही. वहिनीला आईच्या जागी मानलं. आठ वर्षं दर अमावास्येला अनवाणी ग्वारीघाटावर जाऊन नर्मदेत बुडी मारली. नर्मदामाईने अंग धुतलं, कडी काही निघाली नाही. मग छापखान्यामुळे चिंतामणी मास्तरांची ओळख झाली. प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत एका दुपारी त्याने हे ओकून टाकलं, आणि मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "आठ वर्षं तुम्ही सुटका कमवायला पाहून राहिले. ती कमवायची नसते भाऊ, हात पसरून घ्यायची असते. येशूने तुमच्या जागी भोगलं, एवढा विश्वास ठेवा. झालं. देवाने पुसलं. आता त्याला ते आठवायचंही नाही."

त्या रात्री अंबादास झोपला. ही झोप खोटी नव्हती, हे कोणी काही म्हणो. बाप्तिस्मा घेतला, जातभाईंनी पाणी तोडलं, तरी त्याचं मन हलकंच राहिलं. वहिनीने धर्म सोडला नाही, देवघर सोडलं नाही, पण त्याला जेवायला वाढायचंही सोडलं नाही. उलट मिशनच्या बायकांच्या वर्गात जाऊन ती चाळिशीजवळ अक्षरं शिकली. आता मासिकाचा अंक निघाला की त्या गुरुवारच्या वर्गात मराठी पानं तीच बायकांना मोठ्याने वाचून दाखवायची.

ह्या गुरुवारीही दाखवणार होती.

"अंबादास भैया, मराठी पन्ने हो गए क्या?" फोरमन शालिग्रामने पलीकडून विचारलं.

"अभी आता हूँ," म्हणून अंबादास मास्तरांचा कागद हातात घेऊन तसाच निघाला.

चिंतामणी मास्तर प्रार्थनाघराच्या ओसरीवर मुलांच्या पाट्या तपासत होते. अंबादासने कागद त्यांच्यापुढे धरला.

"मास्तर, हे माझं आहे."

"तुमचं नाव कुठं घातलं मी?"

"कांचघर घातलं. छापखाना घातला. भाऊ रेल्वेत होता तेही घातलं. नाव तेवढं राहिलं! वहिनी वाचेल हे. तिला काय सांगितलं आहे मी, ते तुम्हाला माहीत आहे."

मास्तर वाईट माणूस नव्हते. असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मायेने म्हणाले, "अशी साक्ष दहा वर्षांत एखादी मिळते, अंबादासजी. किती दबलेले लोक हे वाचून दाराशी येतील, विचार करा. आणि तुम्हाला भीती काहून वाटते? पाप गेलं म्हणता ना? मग ज्याचं गेलं त्याला लाज कसली? तुमचा विश्वासच कुठंतरी कमी पडून राहिला."

अंबादासला कोणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. ज्या माणसाने बुडताना हात दिला, तोच आता तो हात दाखवून हिशेब विचारत होता.

"देव विसरला, असं तुम्हीच सांगितलं होतं मास्तर," तो म्हणाला. "मग तुम्हाला कसं आठवलं?"

मास्तरांनी एक पाटी उचलली, तिच्यावरचं चुकलेलं अक्षर पुसलं. "मजकूर वर गेला आहे. मिशनच्या साहेबांनी वाचला, त्यांना फार आवडला. आता बदलता येणार नाही," ते म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर त्याला पहिल्यांदा राग आला आणि मग रडू. लावलेल्या सतरा ओळी जमिनीवर उधळून देता आल्या असत्या. पण मास्तर पुढच्या महिन्यात पुन्हा देणार. तोंडातून गेलेली गोष्ट ती, छापखान्यात अडवून किती दिवस अडणार? आणि खरं सांगायचं तर मास्तरांचं बोलणं त्याला आत कुठेतरी टोचलंही होतं. विश्वास असेल तर भीती काहून? तो छापखान्याकडे न जाता घराकडे वळला.

अंजनी उंबऱ्याजवळ सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसली होती. "भाऊजी, दुपारचे कसे आले? बरं नाही का?"

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. गाठ, पाणी, कडी, तिसरा दिवस. मास्तर आणि मासिक. ती ऐकत होती आणि हात खडे वेचत होते. कडीपाशी आल्यावर हात थांबले. शेवटी त्याला तोंडात तयार असलेलंच वाक्य सापडलं. "पण वहिनी, ते पाप आता पुसलं गेलं आहे. देवाने माफ केलं मला."

"कधी?"

"तीन वर्षं झाली."

"म्हणजे तीन वर्षं झाली तुम्ही हलके होऊन फिरून राहिले." आवाज चढला नाही. "मला वाटे, धरम बदलला तर भाऊजींना मानवला. चेहरा उजळला. मी देवापाशी दिवा लावला होता त्याच्यासाठी."

"वहिनी..."

"त्यांनी माझं नाव घेतलं होतं का?"

अंबादासला खोटं बोलता आलं असतं. अकरा वर्षांची सवय होती.

"मी नव्हतो तिथं. मला माहीत नाही."

ती सूप बाजूला ठेवून उठली, आणि भिंतीला धरून उभी राहिली.

"मास्तरला सांगितलं. देवाला सांगितलं. दोघांनी मिळून माफ करून टाकलं," ती म्हणाली. "कडीच्या आत होता त्याची बायको रोज तुमच्या ताटात वाढत होती, भाऊजी. तिला विचारायचं कोणालाच नाही सुचलं? माझ्या माणसाची माफी तुमच्या देवाने काहून दिली? आणि मला काय दिलं? एक वाक्य होतं माझ्यापाशी, तेही आज घेऊन गेले तुम्ही."

त्याने तिचे पाय धरायला हात पुढे केले. तिने पाय मागे घेतले.

"मी ते फाडून टाकतो वहिनी. छापू देत नाही."

"नाही. छापा," ती म्हणाली. "गुरुवारी मीच वाचीन. सगळं वाचीन, दुष्ट लिहिलं आहे तेही. पण देवाने माफ केलं असं छापता, तर खाली माझंही छापा. जे आहे ते. मग जा तुम्ही कुठं जायचं तिथं, ह्या घरात नका राहू."

अंबादास परत छापखान्यात आला. शालिग्राम ओरडत राहिला. खाली पडलेला खिळा शोधून अठरावी ओळ पुरी केली, मग उरलेली साक्ष लावली, शेवटचं 'आणि त्या क्षणी त्याचे सर्व पाप धुतले गेले' हेही लावलं, कारण ते आजही त्याला खोटं वाटत नव्हतं. त्याच्याखाली एक ओळ जागा सोडली. मग मास्तरांच्या कागदावर नसलेले शब्द केसमधून एकेक वेचले: 'मेलेल्या भावाची बायको जिवंत आहे. तिने माफ केलेले नाही.'

जुळवलेल्या पानाचा साचा घट्ट आवळून त्याने शालिग्रामच्या हवाली केला, पण त्याआधी खाली, साक्ष देणाऱ्याच्या जागी, आपणच लावलेलं स्वतःचं पूर्ण नाव नीट बसलं आहे की नाही ते बोट लावून पाहिलं.