जुन्या बाटलीतलं लोखंड

औषध बनवताना रासायनिक क्रिया घडवून आणायला लागणारा पॅलेडियम हा महागडा धातू टाळून तेच काम साध्या लोखंडाकडून करून घ्यायचं, यासाठी ती सहा वर्षं प्रयोगशाळेत राबली. गेल्या वर्षी ते जमलं आणि शोधनिबंध छापून आला. "माझ्या लेकीने लोखंडाचं सोनं केलं," असं आई शेजारीपाजारी सांगत सुटली.

मग लोखंडाच्या पुडीची नवी बाटली उघडली आणि क्रिया होईचना. अकरा वेळा फसल्यावर तिने जुन्या बाटलीतली चिमूटभर पूड तपासायला पाठवली. अहवाल आला. त्या लोखंडात कणभर पॅलेडियम मिसळलेलं होतं, आणि सगळं काम त्यानेच केलं होतं.

कागद घेऊन ती मार्गदर्शक सरांकडे गेली; शोधनिबंधावर त्यांचंही नाव होतं.

"नवी बाटलीच खराब असेल गं," ते म्हणाले.

"नाही सर. जुनी खराब होती, म्हणून तर जमलं."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. तेवढं थांबशील?"

तिला त्यांची कीव आली, पण ती थांबली नाही. त्यांच्याच टेबलाशी बसून तिने शोधनिबंध मागे घेण्याचं पत्र लिहिलं. सरांनी सही केली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.