डोक्यावरची दोन भोकं

मित्रांनो, मी एक जुनी दगडी आई आहे. उंची वीतभर, मांडीवर बाळ, बाळाच्या उजव्या पायाला बोटं नाहीत आणि माझ्या डोक्यावर दोन भोकं. माझी सगळी हकीकत त्या भोकांची आणि त्या पायाची आहे.

मला घडवलं प्राचीन इजिप्तमधल्या एका पाथरवटानं. त्यानं मला इसिस देवी केलं आणि बाळाला होरस. डोक्यात भोकं पाडून तांब्याची शिंगं बसवली, शिंगांच्या मधोमध सूर्याची चकती. बायका यायच्या, बोटाला थुंकी लावून बाळाचा पाय चोळायच्या आणि तेच बोट आपल्या आजारी लेकराच्या कपाळाला लावायच्या. त्या सांगायच्या, या बाळाच्या जिवावर त्याचा काका उठला होता, म्हणून आईनं त्याला लव्हाळ्यात लपवून वाढवलं. बाळाचा बाप तर मरून पुन्हा उठला म्हणे. मी आपलं ऐकून घेतलं.

पुढे देव बदलले. शिंगं कोणीतरी उपटून नेली. तांब्याला गिऱ्हाईक असतंच. शेकडो वर्षं मी मातीत पालथी पडून होते. मग विहीर खणणाऱ्या एकानं मला वर काढलं, मांडीवर बाळ पाहिलं आणि सरळ चर्चमध्ये नेलं. बैठकीवर क्रूस कोरला गेला. मी मरिया झाले, बाळ येशू. आणि काय सांगू, तिथल्या बायकाही बोटाला थुंकी लावून तोच पाय चोळू लागल्या! त्यांना हे कोणी शिकवलं, देव जाणे. त्या सांगायच्या, या बाळाच्या जिवावर राजा उठला होता, म्हणून आई त्याला घेऊन पळाली. कुठे? तर इजिप्तला! हा मोठेपणी मेला आणि पुन्हा उठला, हेही होतंच.

एकीनं दुसरीची गोष्ट चोरली, असं मी म्हणणार नाही. या बायकांनी इसिसचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. लेकरांच्या जिवावर उठणारे सगळीकडे असतात, एवढं मात्र मी पाहिलं आहे.

त्या चर्चची झाडलोट एक मामा करायचे. पत्र्याचा मुकुट घासूनपुसून माझ्या डोक्यावरच्या भोकांत मेणानं बसवणं हे त्यांचं दरसालचं काम. त्यांची लेक तान्ही असताना तापानं फणफणली, तेव्हा त्यांच्या बायकोनं रात्रंदिवस हा पाय चोळला होता. लेक वाचली.

मेणबत्त्यांच्या काजळीनं मी अगदी काळीठिक्कर पडले, तेव्हा फादरांनी मला साफ करायला वस्तुसंग्रहालयात पाठवलं. तिथली दुरुस्तीवाली ताई काडीला कापूस गुंडाळायची, तो जिभेवर ओला करायची आणि मला पुसायची. थुंकीइतकं सौम्य काही नाही, असं तिचं म्हणणं. घ्या, इथेही थुंकीच! असं पुसता पुसता भोकांतलं मेण निघालं आणि तळाशी जुन्या शिंगांचं हिरवं पडलेलं तांबं दिसलं. माझं बिंग फुटलं.

ताईचे साहेब खूश झाले. "क्रूस बुजवा, शिंगं बसवा, पायाला बोटं करा. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे."

फादरांनी निरोप धाडला, "परकी देवी वेदीजवळ कशी ठेवू? तुमचा अहवाल बघून ठरवतो."

मामा मात्र मुकुट कागदात गुंडाळून स्वतःच आले. "ताई, लेकीचे दिवस भरत आलेत. आधीची दोन राहिली नाहीत. आमच्या आईला लवकर द्या."

"मामा, ही मरिया नाही हो. इसिस आहे."

मामांनी मुकुट टेबलावर ठेवला. "म्हणजे चाळीस वर्षं मी भलत्याच बाईला मुकुट घातला?" त्यांना रडूच कोसळलं. मग डोळे पुसत म्हणाले, "पण माझी लेक वाचली, ती याच पायाशी ना?"

ताईनं दोन दिवस तो पाय भिंगाखाली पाहिला. मग साहेबांना म्हणाली, "मी बोटं करणार नाही. इसिसच्या बायकांनी किती झिजवली आणि मरियाच्या बायकांनी किती, ते मला वेगळं काढता येत नाही. क्रूसही राहील, भोकंही मोकळी राहतील."

"अगं, शास्त्र म्हणून काही आहे की नाही?"

"आहे ना. म्हणूनच दिसतंय ते लिहिलंय. घडवली इसिस म्हणून, पुजली मरिया म्हणूनही."

साहेबांनी चिडून मला प्रदर्शनातून काढलं. फादरांनी अहवाल दोनदा वाचला. "मग हिला म्हणायचं तरी काय?"

"आम्ही आईच म्हणत आलोय, फादर," मामा म्हणाले.

फादर कुरकुरले, पण मला चर्चच्या दाराजवळच्या कोनाड्यात जागा मिळाली. मुकुट नाही. मामा तो घरी घासून ठेवतात.

मित्रांनो, जुनी वस्तू पुसायला घ्याल, तेव्हा तिच्यावरचा मळ कोणाकोणाच्या हातांचा आहे, ते आधी विचारा. एवढंच माझं मागणं.

परवा मामांची लेक वीस दिवसांचं बाळ घेऊन आली. ते जन्मलं तेव्हा मी ताईच्या टेबलावर आडवी होते; माझा त्यात काडीचा हात नाही. ते तिलाही ठाऊक होतं. तरी तिनं बोट ओलं केलं, माझ्या बाळाचा पाय चोळला आणि आपल्या बाळाच्या कपाळाला लावलं.