फायवल न्हाव्याच्या घरचं जावळ

फायवल न्हाव्याच्या घरात सगळ्यात लांब केस होते ते त्याच्या मुलाचे. आन्शेलला तिसरं वर्ष पुरं होत आलं होतं, आणि आमच्या बने ब्राकच्या ज्यू वस्तीत मुलाच्या केसांना तीन वर्षांपर्यंत कात्री लागत नाही. मग ते डोळ्यांत जावोत, सूपच्या वाटीत बुडोत नाही तर दाराच्या कडीत अडकोत. आन्शेलचे कमरेपर्यंत आले होते, कुरळे आणि मधाच्या रंगाचे. बसमध्ये बायका त्याचा गालगुच्चा घेऊन म्हणायच्या, "काय गोड मुलगी आहे!" आणि आन्शेल कपाळाला आठ्या घालून सांगायचा, "मी मुलगा आहे. माझं जावळ व्हायचंय अजून."

लाइझर मासेवाल्याला तर हा आयताच विषय मिळाला होता. तो दुकानावरून जाताना मुद्दाम थांबायचा. "काय फायवल, धंदा बसला की काय? घरचंसुद्धा गिऱ्हाईक मिळेना?"

फायवल हसण्यावारी न्यायचा. पण पोराचा जन्म झाला त्याच आठवड्यात त्याने एक नवीकोरी कात्री आणून खणात ठेवली होती, ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. ती कात्री अजून कोणाच्या केसाला लागली नव्हती. मधूनमधून तो ती काढायचा, तेल द्यायचा, हवेत दोनदा चालवून बघायचा आणि परत ठेवून द्यायचा. अर्ध्या गल्लीची जावळं त्याच्या हातची होती. रडून घर डोक्यावर घेणारी पोरं त्याच्या खुर्चीवरच्या फळीवर बसली की गप्प व्हायची, कारण फायवलची कात्री बोलायची. "मला भूक लागलीय हो," असं ती बारीक आवाजात म्हणायची, "एवढी एकच बट द्या ना!" आणि पोरं हसत हसत डोकं पुढे करायची. आपल्या पोराच्या वेळी ही कात्री काय काय बोलेल, हे फायवलने मनात कधीच ठरवून ठेवलं होतं.

वल्हांडण सण संपला आणि त्यापुढचे ओमेरच्या व्रताचे आठवडे लागले. या दिवसांत लग्न नाही, वाजंत्री नाही, आणि केस कापणं तर नाहीच. व्रत सगळ्या गावाचं, उपास मात्र एकट्या न्हाव्याला. ओमेरचा तेहेतिसावा दिवस, लाग बाओमेर, उजाडला की मग सगळे एकदम दारात येणार, पण तोवर दुकानाला कुलूप. त्याच्या बायकोने, गीतेलने, या सुट्टीचं सोनं केलं. फायवलला तिने तान्ह्या जुळ्या मुलांचे लंगोट बदलायला लावले, गॅलरीत कपडे वाळत घालायला लावले, आणि मोज्यांच्या जोड्या लावताना चुकला की सहा वर्षांच्या लेकीकडून, ब्राइनाकडून, सुधारून घ्यायला लावल्या.

गॅलरीत कपडे झटकताना त्याला रोज सकाळी आतला आवाज ऐकू यायचा. जुळे झोपेत असले की गीतेल आन्शेलला गुडघ्यांमध्ये धरून त्याच्या केसांचा गुंता सोडवत बसायची.

"बघू बघू, आज काय लपलंय इथे? शेवईचा तुकडा! आणि हे काय? अगं बाई, बोकड!"

"खरा?"

"खरा म्हणजे! हे बघ, कंगव्याला शिंग लागलं."

मग दोघं खिदळायची. थोड्या वेळाने जुळ्यांपैकी एक रडायला लागायचा, त्याचं ऐकून दुसरा, आणि गीतेल उठता उठता म्हणायची, "कधी एकदा हे जंगल तुटतंय आणि मी सुटतेय!"

जावळ लाग बाओमेरच्या दुपारी करायचं ठरलं. गीतेलचे वडील, रब झेलिग, खास सफेद गावाहून बसने येणार होते. केक सांगून झाला. आन्शेलसाठी छोटी टोपी आली, तिच्यावर आगगाडी विणलेली होती. आणि मग एका सकाळी आन्शेलने जाहीर केलं, "मी नाही कापणार."

"काय नाही कापणार?" फायवलने विचारलं.

"केस."

फायवलला आधी हसूच आलं. असली गिऱ्हाइकं तो रोज बघत होता. त्याने बोटांची कात्री केली आणि बारीक आवाज काढला, "मला भूक लागलीय हो!"

आन्शेलने त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "टाटे, कात्री बोलत नाही. तूच बोलतोस. तुझी दाढी हलते."

पोर दुकानातच वाढलं होतं, त्याला काय फसवणार!

मग घरातले एकेक जण कामाला लागले. फायवलने तीनचाकी सायकल कबूल केली. आन्शेल म्हणाला, सायकल द्या, केस राहू द्या. गीतेलने सांगितलं, की जावळ झाल्याशिवाय शाळेत जाता येत नाही, आणि शाळेत पहिल्या दिवशी अक्षरांवर मध लावून चाटायला देतात. आन्शेलने विचार केला आणि म्हणाला, "मध घरी आहे." शेवटी ब्राइनाने मोठेपणाने त्याला बाजूला घेतलं.

"हे बघ, केस कापले की तू मुलगा होतोस."

"मग आत्ता मी काय आहे?"

ब्राइना आईकडे गेली, आईने तिला बाबांकडे पाठवलं, आणि बाबा मोज्यांच्या जोड्या लावायला लागले.

बातमी गल्लीत जायला कितीसा वेळ? ब्राइनाने शेजारच्या मुलीला सांगितलं, तिने आईला, आणि संध्याकाळपर्यंत लाइझर दारात हजर. "फायवल, ऐकलं ते खरं? माझ्या ओळखीचा एक न्हावी आहे, पोरांना छान समजावतो. अरेच्चा, तो तूच की!" फायवलला त्या रात्री झोप लागली नाही. गल्ली हसते याचं त्याला तेवढं वाटत नव्हतं. जगातली सगळी पोरं आपल्याजवळ विश्वासाने डोकं देतात आणि आपलं पोर देत नाही, हे मात्र त्याला फार लागलं होतं.

लाग बाओमेरच्या सकाळी आदल्या संध्याकाळी सणासाठी पेटवलेल्या होळ्यांचा धूर अजून हवेत होता आणि दुकानासमोर रांग कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेली होती. दाढ्याकेस वाढलेली अख्खी गल्ली तिथे उभी होती. ओमेरमुळे अडलेली लग्नंही त्याच दिवशी, त्यामुळे रांगेत एक नवरदेवही होता. बिचारा लाजाळू. कोणीही "जरा घाई आहे" म्हटलं की तो जागा द्यायचा, आणि तासाभरात पुढे सरकायच्या ऐवजी मागे गेला होता.

दुपार झाली तरी फायवलला मान वर करायला फुरसत नव्हती. घरी पाहुणे खोळंबले. शेवटी गीतेलने निर्णय घेतला. तिने जुळ्यांची गाडी काढली, केक ब्राइनाच्या हातात दिला, वडिलांना पुढे घातलं, आन्शेलचा हात घट्ट धरला आणि सगळं जावळच दुकानावर नेलं.

"तुला वेळ नाही ना? घे, समारंभच आणलाय," ती दारातून म्हणाली आणि बाहेर पदपथावरच्या बाकावर जुळ्यांना घेऊन बसली.

रब झेलिगनी आत येऊन खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. तिच्यात एक कात्री होती. तिला गंज इतका चढला होता की ती उघडायला त्यांना दोन्ही हात लावावे लागले.

"सासरेबुवा, माझ्याकडे आहे ना कात्री," फायवल घाईघाईने म्हणाला.

"तुझ्याकडे असेल. पण या कात्रीने गीतेलच्या चारी भावांची जावळं झालीत."

"त्यांना टक्कल पडलंय ते उगाच नाही," रांगेतून लाइझर पुटपुटला.

फायवलने फळी मांडली, आन्शेलला उचलून वर बसवलं, गळ्याभोवती पांढरी चादर बांधली. आता रडेल, मग रडेल, म्हणून सगळे बघत होते. आन्शेल रडला नाही. त्याने चादरीच्या आतून दोन्ही हातांनी केस गोळा केले, मान खाली घातली आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. खुर्चीत नुसता एक पांढरा ढीग उरला.

"आन्शेल, बाहेर ये," रब झेलिग म्हणाले.

"नाही," ढीग म्हणाला.

मग रांगेला कंठ फुटला. कोणी म्हणालं चॉकलेट दाखवा, कोणी म्हणालं केक, कोणी म्हणालं आमच्या वेळी दोन मोठी माणसं हातपाय धरायची. नवरदेव हळूच म्हणाला, "माझं संध्याकाळी लग्न आहे," आणि ते कोणी ऐकलं नाही. रब झेलिग गंजकी कात्री उगारून उभेच होते, त्यांचा हात भरून आला तसा त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला. हातपाय धरून जावळ केलेली पोरं फायवलने पाहिली होती. पुढे कित्येक वर्षं ती न्हाव्याच्या दारावरूनसुद्धा जात नाहीत. त्याला आपल्या पोराच्या डोळ्यांत ते बघायचं नव्हतं.

दुसरं काहीच सुचेना, तेव्हा त्याने चादरीची कड उचलली आणि स्वतःचं डोकं आत घातलं.

"आता या दोघांना बाहेर काढायला कोण जाणार?" लाइझरने विचारलं, कारण बाहेर फायवलचा फक्त मागचा भाग उरला होता.

आत पांढरा उजेड होता आणि केसांना धुराचा, होळीत भाजलेल्या बटाट्यांचा वास येत होता. आन्शेलच्या नाकावर घामाचे थेंब होते.

"दुखेल म्हणून घाबरतोस?" फायवलने कुजबुजत विचारलं.

आन्शेलने मान हलवली. नाही.

"मग काय झालं, राजा? टाटेला सांग."

आन्शेलने बापाच्या कानाला तोंड लावलं. "केस गेले की बोकड कुठे लपेल?"

"कुठला बोक…" फायवल म्हणाला आणि थांबला.

"मामे मग मला विंचरणार नाही. ती म्हणाली ती सुटणार. मग ती उठल्या उठल्या बाळांनाच घेईल."

इतके आठवडे फायवल गॅलरीत उभा राहून हे रोज ऐकत होता आणि त्याला वाटत होतं, बायको गुंता सोडवतेय. जुळे आल्यापासून या पोराला अख्खी आई मिळत होती ती त्या गुंत्यापुरती, आणि तोच कापायला सगळं गाव रांग लावून उभं होतं. इतका गाढव न्हावी दुसरा नसेल, असं त्याला मनापासून वाटलं.

त्याने कानामागे खोचलेल्या आपल्या दोन्ही बटा ओढून पुढे काढल्या. दुकानात त्या गिऱ्हाइकांच्या केसांत पडू नयेत म्हणून तो नेहमी मागे खोचायचा. "हे काय आहे?"

"पेयेस."

"यांना कात्री लावतो का मी कधी? तुझ्याही ठेवायच्या. या कानापुढे एक, त्या कानापुढे एक. आणि त्या रोज विंचरून बोटावर वळाव्या लागतात, नाही तर झाडू होतो. माझ्या माझी आई वळायची. मी चांगला घोडा झालो तरी वळायची."

आन्शेलने विचार केला. "रोज?"

"रोज."

"शब्बाथला?"

"शब्बाथ विश्रांतीचा वार, त्या दिवशी कंगवा नाही. पण बोटांनी चालतं."

"बाळांच्या आधी?"

"बाळांच्या आधी. त्या वेळी बाळं माझ्याकडे."

"दोन्ही रडली तरी?"

"दोन्ही रडली तरी."

"मोठ्या ठेव," आन्शेल म्हणाला, आणि त्याने मुठी सोडल्या.

चादर खाली आली तेव्हा बापाचे डोळे लाल होते आणि पोराचे कोरडे. रब झेलिगनी कपाळावरची पहिली बट गंजक्या कात्रीने कापली, म्हणजे अर्धी कापली आणि अर्धी चावली. मग रीतच आहे म्हणून रांगेतल्या प्रत्येकाने थोडे थोडे केस कापले, आणि जो तो आशीर्वाद देताना मागच्यापेक्षा मोठी बट उडवत गेला. लाइझरने तर मासा कापावा तशी कापली. ब्राइनाने केकचा डबा खाली ठेवून आपली पाळी मागितली आणि ती नीट, सरळ रेषेत कापणारी एकटीच निघाली. आन्शेलचं डोकं उंदरांनी कुरतडल्यासारखं झालं.

तेव्हा फायवलने खण उघडला. नवी कात्री हातात घेतली. तिच्यासाठी ठरवून ठेवलेलं त्याला एक वाक्य आठवलं नाही, आणि आन्शेलने मागितलंही नाही. तो मान खाली घालून बसला होता, बापाच्या हातावर डोकं टेकून. फायवलने सगळं सारखं केलं, मानेवरची लव काढली, दोन्ही कानांपुढच्या लांब बटा तेवढ्या सोडल्या, आणि आगगाडीची टोपी डोक्यावर ठेवली.

आन्शेल खुर्चीतून उतरला. आरशात त्याने बघितलंसुद्धा नाही. त्याने बापाच्या वरच्या खिशातला कंगवा ओढून घेतला आणि रांगेतून वाट काढत बाहेर बाकाकडे गेला.

गीतेल त्याला बघून ओठ चावत उठायला लागली. आन्शेल पाठमोरा होऊन तिच्या गुडघ्यांमध्ये शिरला आणि खांद्यावरून कंगवा मागे दिला. नेमके तेव्हाच जुळे जागे झाले. आधी एक रडला, मग दुसरा. गीतेलचा हात सवयीने गाडीकडे गेला.

"टाटे!" आन्शेल ओरडला. "बाळं!"

फायवल धावत बाहेर आला. नवरदेव तेवढ्यात खुर्चीत जाऊन बसला होता आणि त्याच्या गळ्याभोवती चादर बांधून झाली होती. फायवलने एक बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं, दुसरं आपल्या खांद्यावर घेतलं. "धर. लवकरच उपयोगी पडेल."

दारातून त्याला गीतेल दिसत होती. तिने उजवी बट विंचरून बोटावर वळली, गुंडाळी घट्ट बसली, तशी ती पुन्हा सोडली आणि पुन्हा वळायला घेतली. तिला सुटायचं होतं ना, फायवलला वाटलं. मग त्याने तिचा चेहरा बघितला आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मामे, लपलंय का काही?"

"थांब, बघू दे." गीतेल बटेवर वाकली. "आहे. आहे काहीतरी."

"बोकड?"

"बोकड नाही रे मावणार आता इथे."

आन्शेलचे खांदे पडले.

"करडू आहे," गीतेल म्हणाली. "दोन आहेत. त्या बाजूलाही एक."